वीसच्या आतली शाळा

सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात, माणगंगेच्या खोऱ्यातील एका वस्तीवर जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात बदलीने मी तेथे रुजू झाले आणि सेवाज्येष्ठतेमुळे मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आला, तेव्हा हजेरीपटावर अठरा नावे होती. त्यांतील काही मुले वर्षातले बरेच महिने वस्तीवर नसत, आणि वस्तीवरची जवळजवळ तेवढीच दुसरी मुले रोज सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळांना जात. पुढच्या दोन वर्षांत पट आणि मुलांचे वाचन-गणित या दोन्ही बाबतींत आम्ही काय केले, त्यातले काय साधले आणि काय अजून अडलेले आहे, ते येथे लिहीत आहे. मुले आणि पालक ओळखू येऊ नयेत म्हणून शाळेचे आणि वस्तीचे नाव देत नाही.

ही शाळा मुळात वस्तीशाळा म्हणून सुरू झाली. गावची शाळा लांब असलेल्या वाड्यावस्त्यांवर स्थानिक तरुणाला मानधनावर निमशिक्षक नेमून, कोणाच्या तरी पडवीत किंवा देवळात वर्ग भरवण्याची ती योजना होती. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर अशा वस्तीशाळा नियमित प्राथमिक शाळा झाल्या. आज पहिलीच्या प्रवेशासाठी येणाऱ्या तरुण आईबापांपैकी काही जण त्याच पडवीत बसून अक्षरे शिकलेले आहेत. शाळेविषयी त्यांचे जे मत आहे, ते ऐकीव नसून स्वतःच्या अनुभवावरचे आहे, आणि ते सगळेच चांगले नाही.

वस्तीची घडण समजल्याशिवाय पटाचा प्रश्न समजत नाही. काही घरे मेंढपाळांची आहेत. दिवाळीनंतर चारा संपला की बिऱ्हाड घोड्यावर घालून ती कळपांसह बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. काही घरे गलाई व्यवसायातील आहेत. आटपाडी, खानापूर, तासगाव या भागांतील माणसे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामासाठी तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत पसरलेली आहेत, आणि त्यांची मुले कधी तिकडे तर कधी आजीआजोबांकडे असतात. उरलेली घरे शेतकऱ्यांची. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचे पाणी या भागात पोहोचल्यापासून डाळिंबाच्या बागा आणि थोडा ऊसही दिसू लागला, आणि पूर्वी ऊसतोडीला जाणारी काही कुटुंबे आता घरीच राहतात. त्यांच्या हातात थोडा पैसा येऊ लागला, आणि तो त्यांनी सर्वांत आधी मुलांच्या शिक्षणाकडे वळवला. ज्या पाण्याने मुले वस्तीवर टिकली, त्याच पाण्याने बसचे भाडे भरण्याची ऐपतही आली. याचा मला आजही राग येत नाही. आपल्या मुलाला आपल्यापेक्षा बरे शिकायला मिळावे, ही इच्छा रास्त आहे आणि तिला उत्तर देणे हे शाळेचे काम आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत मी आणि माझे सहकारी उपशिक्षक यांनी प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून वाचायला लावले. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरले जाणारे साधेसे साधन आम्ही घेतले : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितासाठी एकअंकी व दोनअंकी संख्यांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. तिसरी-चौथीच्या नऊ मुलांपैकी दोघेच गोष्ट सलग वाचू शकले. काही जण शब्दांपाशी अडले. जोडाक्षर आले की थांबत आणि आमच्या तोंडाकडे पाहत. एक मुलगा पाठ्यपुस्तकातील कविता न चुकता म्हणत असे, पण त्याच कवितेतील एखाद्या शब्दावर मध्येच बोट ठेवले तर त्याला तो वाचता येत नसे. हातच्याची वजाबाकी एकाच मुलीला जमली.

या मुलांना दोष देण्यात काहीच अर्थ नव्हता. जून २०२३ मध्ये चौथीत आलेल्या मुलांची पहिली जून २०२० मध्ये, म्हणजे शाळा बंद असताना सुरू झाली होती. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला पुन्हा उघडले, तेव्हा ती दुसरीच्या मध्यावर होती आणि त्यांच्या हाताला अजून पाटी-पेन्सिलीची सवय नव्हती. ‘असर’च्या अहवालातही हेच चित्र आहे : २०१८ ते २०२२ या काळात ग्रामीण महाराष्ट्रात सरकारी शाळांतील मुलांचे प्रमाण वाढले आणि वाचनक्षमता मात्र घसरली. आमच्या वस्तीवरही कोरोनाच्या काळात शुल्क परवडत नाही म्हणून काही मुले परत आली होती. त्यांना शाळेत थोपवून धरण्याइतके आम्ही, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, त्या वेळी काही देऊ शकलो नाही, आणि हात सैल होताच पालकांनी त्यांना पुन्हा बसमध्ये बसवले.

पट आणि गुणवत्ता यांची चर्चा बैठकांत दोन वेगळ्या विषयांसारखी होते. दोनशिक्षकी शाळेत त्या दोन गोष्टी एकमेकींना कशा ओढतात, हे संचमान्यतेत दिसते. दरवर्षी ३० सप्टेंबरला पटावर असलेली आणि आधार क्रमांकाने पडताळलेली मुले मोजली जातात आणि त्यावरून शिक्षकांची पदे ठरतात. पट घटला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की चार इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. तो एक जण बैठकीला किंवा टपालाला गेला की शाळा वाऱ्यावर. आणि हे पाहून आणखी दोन पालक दाखला मागायला येतात. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत, ते याच कारणासाठी. मुले साठ असोत की अकरा, इयत्ता तेवढ्याच राहतात. अकरा मुलांच्या शाळेतही कोणाला ‘क’ गिरवायचा असतो आणि कोणाला भागाकार शिकायचा असतो.

सप्टेंबर २०२३ मध्येच वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळेत, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या एका शाळेत, रूपांतर करण्याविषयी प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले. त्यात पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला होता. आमचा पट अठरा, त्यामुळे वस्तीवर एकच चर्चा सुरू झाली. जवळची शाळा ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मोठी माणसेही अलीकडे थांबतात. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली. नियमाने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे त्या कागदावर होत्या, पण बैठकीत बोलत क्वचितच. त्या दिवशी मात्र एका मेंढपाळ घरातील आजी उठून म्हणाल्या, “बाई, पोरगी लांबच्या शाळंला घालायची म्हंजी तिची शाळा बंदच की. पोराला धाडतील, पोरीला न्हाई.” हे वाक्य मी इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळा वस्तीवरच राहावी असा ठराव झाला आणि ओढ्याच्या छायाचित्रांसह तो तालुक्याला पाठवला. आमच्या बाबतीत पुढे समायोजनाची, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिळवून टाकण्याची, कारवाई झाली नाही.

त्याच दिवसांत एका हितचिंतकाने सुचवले की बसने जाणाऱ्या दोन-तीन मुलांची नावे आपल्याही पटावर ठेवली तर वीसचा आकडा गाठता येईल. मी नकार दिला. ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत खोट्या पटाचे जे उघड झाले, त्याची किंमत पुढे प्रामाणिक शाळांनाही मोजावी लागली; प्रत्येक आकड्यामागे आज जो संशय आणि जी पडताळणी आहे, तिचे मूळ तेथे आहे. शिवाय खोट्या नावाने शिक्षक टिकला तरी ते मूल काही आमच्या वर्गात वाचायला शिकणार नव्हते.

शिकवण्याचा ढाचा आम्ही बदलला तो असा. रोज सकाळी परिपाठानंतरचे दोन तास दुसरी ते चौथीची मुले इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या स्तराप्रमाणे बसू लागली. चौथीचा मुलगा अक्षरांवर असेल तर तो अक्षरांच्या गटात. सुरुवातीला मोठ्या मुलांना याचा संकोच वाटे, म्हणून गटांना स्तरांची नावे न देता वस्तीच्या आसपासच्या टेकड्यांची नावे दिली आणि दर पंधरवड्याला गट बदलले. एक गट माझ्याकडे, एक सरांकडे, आणि तिसरा स्वतःचे काम करणारा. पहिलीची मुले सरांच्या नजरेसमोर मणी, बिया आणि वाळूत गिरवण्याच्या कामात असत. दुपारी पुन्हा इयत्तेप्रमाणे वर्ग भरत, कारण पाठ्यक्रमही पुरा करायचा असतो आणि चाचण्या इयत्तेच्याच होतात.

वाचनासाठी आम्हाला सर्वांत उपयोगी पडला तो मुलांचाच मजकूर. मूल जे सांगेल ते फळ्यावर लिहायचे, तेच त्याने वाचायचे, त्यातलीच अक्षरे आणि मात्रा सुट्या करून पुन्हा जुळवायच्या. मेंढरांच्या खाणाखुणा, बागेतील फवारणी, यात्रेत हरवलेले चुलत भावंड, असे विषय येत. मुलाला स्वतःचे वाक्य आठवत असते, त्यामुळे ते अंदाजाने वाचते असा आक्षेप आमच्या शिक्षण परिषदेत एका अनुभवी शिक्षकांनी घेतला, आणि तो बरोबर होता. म्हणून दुसऱ्या दिवशी एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचायला देण्याची पद्धत आम्ही लावली. त्याने अंदाजाचे वाचन थांबले. गणितात काड्यांचे दशक-गठ्ठे सगळ्याच शाळांत असतात. आमच्याकडे हातच्याची वजाबाकी खऱ्या अर्थाने कळली ती डाळिंबाच्या हिशेबातून. व्यापाऱ्याला माल घातल्यावर एकूण वजनातून कॅरेटचे वजन कसे वजा होते, हे मुलांनी घरी पाहिलेले असते. दशक सुटा करणे म्हणजे काय, ते त्यांनी बागेतल्या मोजणीच्या भाषेत एकमेकांना समजावून दिले.

दुसरीतील एक मुलगी मात्र कोणत्याच गटात पुढे सरकत नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला आले, तेव्हा तिची नजर फार कमी असल्याचे निघाले. चष्मा मिळाल्यानंतर ती त्याच वर्षी परिच्छेदापर्यंत पोहोचली. तेव्हापासून वाचनात अडलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे आणि कान आधी तपासून घ्यायचे, हा आमच्याकडे नियम झाला आहे.

या सगळ्यात अडथळा येतो तो वेळेचा. शिक्षणहक्क कायद्यानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. पण २०२४ हे वर्ष आमच्यासाठी जानेवारीतील मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणाने सुरू झाले, मग मे महिन्यात लोकसभेचे आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान झाले. त्याशिवाय यू-डायस आणि सरल या संगणकीय प्रणालींत शाळेची व मुलांची माहिती भरणे, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, आधारमधील नावांची दुरुस्ती. मोठ्या शाळेत हे काम विभागले जाते. दोघांच्या शाळेत एक जण गेला की अर्धी शाळा जाते. अशा दिवशी गट मोडू नयेत म्हणून आम्ही वस्तीवरील दोन शिकलेल्या सुनांना तयार केले. एक बारावी झालेली, दुसरी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन आलेली. त्यांना मानधन देण्याची कोणतीही सोय शाळेकडे नाही, याची मला खंत आहे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दहा हजार रुपयांचे अनुदान मिळते. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि जमल्यास विजेचे बिल भागवायचे असते.

पटनोंदणीसाठी घरोघरी जाणे हे प्रत्येक शाळेचे नेहमीचे काम आहे. अंगणवाडी सेविकेकडून सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी घ्यायची, घरी जायचे, नाव लिहून घ्यायचे. मी त्यात एवढीच भर घातली की बसने मुले पाठवणाऱ्या घरीही गेले, आणि शाळेची बाजू न मांडता फक्त कारण विचारले. इंग्रजी हे कारण मला अपेक्षित होतेच. पण त्याहून वेगळी दोन कारणे वारंवार निघाली, ज्यांची चर्चा मी कोणत्याही बैठकीत ऐकली नव्हती. पहिले कारण असे की आईवडील दोघेही सकाळी बागेत जातात. बस दारातून नेते आणि दारात सोडते, त्यामुळे मुलाची काळजी नसते. दुसरे कारण पाचवीचे. आमची शाळा चौथीपर्यंत. थोरले मूल पाचवीला बाहेर जाणार, त्याला बस लावावीच लागणार, मग धाकट्यालाही त्याच बसमध्ये बसवणे सोयीचे. एका वडिलांनी मला सरळ सांगितले, “म्याडम, तुमच्या शाळंबद्दल आमची तक्रार न्हाई. दोन पोरं दोन दिशेला कशी धाडायची, एवढंच हाय.” म्हणजे आमच्या पहिलीचा पट आमच्याकडे नसलेल्या पाचवीमुळे घटत होता.

दारातल्या बसला आमच्याकडे उत्तर नव्हते. आईवडील बागेतून परतेपर्यंत मुलांनी शाळेच्या आवारात थांबावे, खेळावे, वाचावे, आणि तेथे आळीपाळीने एका आजोबांनी किंवा आजींनी बसावे, अशी व्यवस्था समितीने केली. ती बहुतेक दिवस चालते. इंग्रजीच्या बाबतीत पालकांचा असा समज होता की जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवतच नाहीत. वास्तविक महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. हे सांगून कोणाचे समाधान होत नाही, ते दिसावे लागते. म्हणून आम्ही रोजच्या परिपाठात इंग्रजीत बोलण्यासाठी थोडा वेळ ठेवला, आणि गणितातील संज्ञा दोन्ही भाषांत शिकवू लागलो. गलाई कुटुंबातून परतलेल्या एका मुलाला तमिळ आणि बऱ्यापैकी इंग्रजी येत होते, मराठी वाचता येत नव्हते. वर्गात तो मागे पडलेला समजला जाण्याची भीती होती. सरांनी त्याला परिपाठातील इंग्रजीचा प्रमुख केले आणि दुपारी मराठी अक्षरांच्या गटात बसवले. आमच्या शाळेत इंग्रजी बोलणारे मूल आहे, ही बातमी वस्तीभर झाली, आणि त्याचा परिणाम आमच्या कोणत्याही फलकापेक्षा अधिक झाला.

तरीही पालकांचे मत बदलले ते मुख्यतः जाहीर वाचनाने, असे मी खात्रीने म्हणेन. पालकसभेला येताना घरातला कोणताही छापील कागद आणावा, मूल तो वाचून दाखवील, असे आम्ही सांगितले. पाठ केलेली कविता म्हणून दाखवण्याला आम्ही पूर्ण फाटा दिला. लोक विजेचे बिल, पाणीपट्टीची पावती, फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरील सूचना, लग्नपत्रिका असे काय काय घेऊन आले. पहिल्या सभेत काही मुले अडखळली, आणि ज्यांची मुले अडखळली त्या पालकांना आम्ही ते मूल कोणत्या स्तरावर आहे आणि पुढच्या दोन महिन्यांत काय करणार आहोत, हे तेथेच सांगितले. वरिष्ठांपैकी एकांना ही पद्धत धोक्याची वाटली. शाळेची उणीव लोकांसमोर कशाला मांडायची, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. पालकाला उणीव ठाऊकच असते, ती शाळेला ठाऊक आहे की नाही एवढेच तो पाहत असतो. नंतरच्या एका सभेत तिसरीतल्या मुलीने बाटलीवरचे ‘फळे काढण्यापूर्वी फवारणी थांबवण्याचा कालावधी’ हे शब्द वाचले आणि तिच्या आजोबांनी ते पुन्हा वाचायला सांगितले, कारण ती सूचना त्यांनी आजवर कोणाकडून वाचून घेतलीच नव्हती.

एप्रिल आणि जूनमध्ये होणारे शाळापूर्व तयारीचे मेळावे आम्ही अंगणवाडीसोबत घेतले. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे गट २०२२ पासून राज्यभर आहेत; आमच्याकडे त्या गटातील बायका उन्हाळ्यात दुपारी एकत्र बसून मुलांकडून वर्गीकरण, मोजणी, चित्रवर्णन करून घेत. जून २०२४ मध्ये पहिलीत सात मुले आली आणि इंग्रजी शाळेतून तीन मुले परत आली. परत आलेल्यांचीही आम्ही तशीच चाचणी घेतली. त्यांना इंग्रजी शब्द पुष्कळ येत होते, मराठी वाचन अक्षरांपाशी होते. तीही स्तराप्रमाणे गटांत बसली. पाच मुले चौथी होऊन गेली होती, म्हणून ३० सप्टेंबर २०२४ ला पट तेवीस भरला.

वीसच्या वर जाण्याला त्या वर्षी अधिकच महत्त्व आले होते, कारण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलून वीसपर्यंत पटाच्या शाळांत एका नियमित शिक्षकाबरोबर दुसऱ्या जागी सेवानिवृत्त शिक्षक देण्याची तरतूद केली होती. सेवानिवृत्त शिक्षकांच्या ज्ञानाविषयी मला आदर आहे, माझे स्वतःचे गुरुजीही त्यांतीलच. पण स्तरनिहाय गटांचे काम तीन-चार वर्षे एकाच जोडीने करावे लागते, तेव्हा कुठे ते मुलांच्या अंगवळणी पडते. आमचे दोन्ही शिक्षक राहिले. आमच्याच केंद्रातील एका शाळेचा पट एकोणीसवर थांबला. तेथील शिक्षिका आमच्याइतकेच, कदाचित अधिक कष्ट घेणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या वस्तीवर त्या वयाची मुलेच तेवढी आहेत. एका मुलाच्या फरकाने दोन शाळांचे भवितव्य वेगळे ठरावे, हे मला अन्यायाचे वाटते. पदे इयत्तांवरून ठरली पाहिजेत, असे मी प्रत्येक संधीला लेखी कळवत आले आहे.

मेंढपाळांच्या मुलांचा प्रश्न आम्हाला पूर्ण सोडवता आलेला नाही. बाहेर जाताना त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते, म्हणजे जेथे तळ पडेल तेथल्या शाळेत बसता यावे. प्रत्यक्षात तळ काही दिवसांत हलतो आणि मूल नव्या शाळेत बसेपर्यंत निघायची वेळ होते. गेल्या दोन वर्षांत तीन घरांनी आजीआजोबांना मागे ठेवून मुलांना वस्तीवर राहू दिले. जी गेली, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा भ्रमणध्वनीवर वाचन घेतो. जेथे संपर्क मिळत नाही तेथे काहीच होत नाही. पावसाळ्यात ती परत आली की त्यांचा स्तर एका टप्प्याने खाली गेलेला असतो, आणि जून-जुलैमध्ये त्यांच्यासाठी वेगळा गट करावा लागतो.

मार्च ते जून २०२५ या काळात राज्यात निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम झाला. त्यातील पडताळणी दुसरी ते पाचवीच्या वाचन-लेखन आणि गणिती क्रियांची होती, आणि ती आमच्या रोजच्या कामाशी इतकी जुळणारी होती की वेगळी तयारी करावी लागली नाही. आमच्या दुसरी ते चौथीच्या सोळा मुलांपैकी अकरा जण त्या वेळी गोष्ट वाचत होते. हातच्याची वजाबाकी बहुतेकांना येत होती. भागाकार मात्र सहाच जणांना आला. भागाकारात आमचे काय चुकते आहे, याचा शोध अजून चालू आहे. पाढे येत असूनही भाग लावताना मुले अंदाज बांधत नाहीत, एवढे लक्षात आले आहे.

पाचवीच्या वर्गासाठी समितीने २०२४ मध्येच ठराव केला होता. चौथीपर्यंतच्या शाळेला नैसर्गिक वाढीने पाचवी जोडण्यासाठी जवळपास पाचवी नसल्याचा दाखला, अंतराचा नकाशा, खोलीची उपलब्धता, पालकांची संमतिपत्रे आणि केंद्रप्रमुखांची शिफारस लागते. प्रस्ताव एकदा त्रुटी काढून परत आला. अंतर सरळ रेषेत मोजायचे की चालण्याच्या रस्त्याने, यावर तो अडला होता. चालण्याच्या रस्त्याची मोजणी ग्रामपंचायतीकडून लेखी घेऊन तो पुन्हा सादर केला आणि जून २०२५ पासून वर्ग सुरू करण्याची परवानगी आली. चौथीची चारही मुले आमच्याकडेच राहिली, पहिलीत पाच नवीन आली, आणि गलाईच्या कामासाठी एक कुटुंब दोन मुलांना घेऊन परराज्यात गेले. आता पट सव्वीस आहे.

तिसरे पद मिळालेले नाही; साठच्या आत दोनच शिक्षक मिळतात. त्यामुळे पाच इयत्ता आणि दोन खोल्या अशी मांडणी आम्ही नव्याने केली आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे, सकाळचे दोन तास पूर्वीसारखेच स्तराप्रमाणे. पाचवीच्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या तासाला शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून देतो, आणि पदवीचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या त्या सूनबाई त्या वेळी पहिली-दुसरीला गोष्टी वाचून दाखवतात. त्यांनी मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी पूर्ण करण्यासाठी या वर्षी प्रवेश घेतला आहे.